डोहाची ओटी

१

गोजरबाईचे उपासतापास साऱ्या गावाला माहीत होते. श्रावणातले सोमवार, संकष्ट्या, एकादशा, शिवाय लेकरासाठी पिंपळाच्या फेऱ्या. आज ती जेवणार की नाही, हे तिच्या सासूलाही विचारल्याशिवाय कळत नसे. हे सारे नवस मागण्याचे. लेकरू दे, पाऊस दे, सासूच्या गुडघ्याला आराम दे. जन्मात एकच नवस तिने उलटा बोलला होता, की माझ्या घरातून एवढं एक काढून ने. आणि सगळ्यांत आधी फळला तो तोच.

तेव्हा वऱ्हाड नागपूरच्या सरकाराला जोडलेला होता. साखरखेर्ड्याच्या बाजाराहून कोसभर अलीकडे, नदीच्या वळणावर गोजरबाईचं सासर. थोडं कोरडवाहू रान, विहिरीखाली मिरची-वांगी, एक बैलजोडी. सासू मनकर्णाबाई तोंडाने तिखट, मनाने मऊ. नवरा इंद्रभान कष्टाळू, सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणारा. आयाबाया म्हणत, गोजरे, तुझं नशीब मोठं.

त्या निर्व्यसनी माणसाला एकच वेड होतं. मरळ.

गावाखाली नदी खडकाला धडकून वळते, तिथे आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणींचा, डोह. उन्हाळ्यात सारी नदी आटली तरी तो आटत नसे. त्यात एक मरळ होती. कडूबा भोयाच्या बापानेही तिला पाहिलेलं. मांडीएवढी जाड, अंगावर काळपट पट्टे, डोकं थेट सापासारखं. जाळ्याला ती दाद देत नसे. जाळं पडलं की चिखलात रुतून बसायची आणि जाळं पाठीवरून निघून जायचं. तिला धरायची तर गळानेच. एका हिवाळ्यात बुलढाण्याहून कुणी साहेब खास तिच्यासाठी आला होता. चरखीची काठी, घडीची खुर्ची, छत्री, सोबत खानसामा. हप्ताभर बसला आणि जाताना काठीचा निम्माच भाग घेऊन गेला. तेव्हापासून तर इंद्रभानाला झोप नव्हती.

सकाळी रानातलं काम उरकलं की तो निघे. हातात वेळूची काठी, जांभळीच्या सालीत काळा केलेला खामगावचा पीळदार दोरा, त्याला तरंगायला मोराच्या पिसाची दांडी बांधलेली, आणि फडक्यात जिवंत बेडूक. घरी आला की बोलणंही तेच.

"आज ती दोनदा वर आली. उंबराच्या मुळीपाशी."

"काऊन आली?" मनकर्णाबाई विचारी.

"श्वास घ्याले. मरळीले पान्यात राहून बी हवा लागते, माय. वर येते, एक घोट घेते, भुळुक करून खाली जाते. जिथं एकदा आली, तिथंच पुन्हा येते. फकस्त दम धरा लागते."

गोजरबाई चुलीपुढे भाकरी थापत ऐके. 'ती आली', 'ती गेली', 'ती रुसली'. विहिरीवर बाया तर टपलेल्याच असत.

"काय व गोजरबाई, तुहे मालक रोज नटूनथटून कोनाले भेटाले जातात?"

"मासोईले जातात," ती म्हणे.

"हाव, मासोईच हाय ना? आमाले वाटलं, पान्यातली बाई हाय एखादी."

बाया हसत. गोजरबाईही हसे. मग डोक्यावर घागर घेऊन घरी येताना तिला ती घागर रोजच्याहून जड वाटे.

२

एकदा भाकरी द्यायचं निमित्त करून ती डोहावर गेली.

भर दुपार होती. उंबराखाली शेंदूर लावलेले आसरांचे दगड, पुढे हिरवट, गार, हलत नसलेलं पाणी. इंद्रभान खडकावर उकिडवा बसलेला. जरा अंतरावर कडूबा भोई जाळं दुरुस्त करत होता. तिला पाहून त्याने डोक्याचा पटका सावरला.

"या वहिनीबाई. भाऊचं ध्यान लागलं हाय. बोलू नका, नाहीतर माह्या अंगावर येतीन."

गोजरबाईने फडकं खाली ठेवलं. नवऱ्याने मान वळवली नाही. त्याच्या दोन बोटांच्या चिमटीत दोरा होता, इतका हळुवार धरलेला की जणू झोपलेल्या लेकराचा हात.

"तुमी खात नाई, मी खात नाई," ती हळूच म्हणाली. "मंग कायले धरता?"

"खायाची बात कोन करते?" तो पिसावरची नजर न काढता म्हणाला. "तिनं एकदा माह्याकडं पाह्यलं पाह्यजे. बस."

कडूबा खालच्या आवाजात म्हणाला, "लई जुनी हाय, वहिनीबाई. पन एक नवल हाय. मरळीच्या भोवती पिल्लाइचा थवा असते, लालभडक. ती राखते त्यायले. हिच्याभोवती कधीच दिसला नाई. वांझ हाय म्हना बिचारी."

गोजरबाईने पदर पुढे ओढून घेतला. तो शब्द तिला विहिरीवर पाठीमागून ऐकायची सवय होती.

तेवढ्यात उंबराच्या मुळीपाशी पाणी फुगलं. काहीतरी काळं, रुंद वर आलं, भुळुक असा आवाज झाला, जसा कुणी तहानेने घोट घ्यावा, आणि वर्तुळं काठाला येऊन लागली. पीस हललं. मग सरसर चालू लागलं. इंद्रभान तसाच बसून. मरळ आमिष तोंडात धरून आधी आपल्या जागी जाते, मग गिळते. त्याआधी झटका देणारा माणूस हातचं घालवतो. त्याने श्वास रोखला होता. गोजरबाईने पाहिलं, त्याच्या गळ्याची शीर तेवढी उडत होती.

मग त्याने झटका दिला. काठी कमानीसारखी वाकली. तो खडकावरून कंबरभर पाण्यात गेला, घसरला, पुन्हा उभा राहिला. पाणी उसळलं. क्षणभर एक रुंद डोकं वर आलं, न मिटणारा गोल डोळा उन्हात चमकला. दोरा मुळीला अडकला आणि तटकन तुटला.

इंद्रभान ओलाचिंब उभा होता आणि हसत होता.

"पाह्यलं! कडूबा, तिनं पाह्यलं मले!"

लग्नाला इतकी वर्षं झाली. असं हसू त्याने घरात कधी आणलं नव्हतं. गोजरबाई शेंदराच्या दगडांपुढे वाकली. ओठ न हलवता ती बोलली, 'सात बहिणींनो, यायले हिच्यापासून सोडवा. माह्या घरातून हिचं नाव काढून न्या. मी डोहाची ओटी भरीन.'

३

दुसऱ्या सकाळी इंद्रभानाने काठी आढ्याला अडकवली.

"आज जाऊन नाई राह्यले?" तिने विचारलं.

"नाई."

एवढंच. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. आठवडा सरला तरी नाही. संध्याकाळी तो घरी, जेवताना घरी. मनकर्णाबाई म्हणाली, "देवानं अक्कल देल्ली वाटते पोट्ट्याले." गोजरबाई गालातल्या गालात हसली. तिने देवघरातल्या समईत नेहमीपेक्षा जास्त तेल घातलं.

मंगळवारी ती ओटी घेऊन डोहावर गेली. हिरवा खण, नारळ, हळदकुंकू, सुपात घरचा गहू, आणि साखरखेर्ड्याच्या कासाराकडून घेतलेल्या हिरव्या बांगड्या. त्यांतल्या एकीच्या काचेत हवेचा बारीक फुगा राहून गेला होता. कासार बदलून देत होता, तिने नको म्हटलं. त्या पाण्यातल्या बाईसाठी कशाला चांगली बघून घ्यायची!

डोहावर कुणी नव्हतं. पाण्यात पाय सोडून तिने हळदकुंकू वाहिलं, खण पसरला, त्यावर नारळ आणि बांगड्या, मग ओंजळीने गहू. खण भिजून जड झाला आणि तिरपा होत खाली गेला. गव्हाचे काही दाणे काठाच्या उथळ पाण्यात राहिले.

आपल्याकडची रीत अशी, की ओटी भरली की त्यातले चार दाणे उचलून परत आपल्या पदरात घ्यायचे. म्हणजे आपण दिलं, पण आपलं घर रितं करून दिलं नाही. ते दाणे तिच्या हाताशीच होते. तिचा हात पुढेही झाला. मग तिच्या मनात आलं, माझ्या नवऱ्याचं हसू तू आजवर घेतलंस, आता तुझ्या ओटीतलं मला काही नको.

"घे, सारं घे," ती म्हणाली. "तुहं मले काही नको. माह्या उंबऱ्याकडं फिरकू नको."

तिने हात झटकले आणि मागे न पाहता घरी आली.

४

पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं ते त्याच्या दुपारच्या झोपेत.

इंद्रभान माजघरात बाजेवर आडवा झाला होता. गोजरबाई खाली बसून डाळ निवडत होती. सवयीने तिने वर पाहिलं आणि तिचा हात थांबला. त्याची छाती हलत नव्हती. ती पाहत राहिली. मनात म्हणाली, अंधार आहे, दिसत नसेल. ती उठून जवळ गेली. नाकाशी बोट धरलं. काही नाही. ती हाक मारणार, इतक्यात त्याचं तोंड उघडलं आणि त्याने एकच घोट हवा ओढली. भुळुक. तोंड मिटलं. पुन्हा सगळं निपचित.

त्याचे डोळे अर्धवट उघडे होते.

तिने स्वतःची समजूत घातली. उन्हातून आले की घशात कफ दाटतो. कितीतरी माणसं डोळे उघडे ठेवून झोपतात. तिचा आजा झोपायचा. तिने आल्याचा काढा केला. इंद्रभानाने तो न बोलता प्यायला आणि वाटी तिच्या हातात देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. गार होती. नदीतून वर काढलेल्या दगडासारखी.

मग तो रानात जाईनासा झाला. ऊन सोसत नाही म्हणे. माजघराच्या कोपऱ्यात, जिथे जमिनीत अर्धा पुरलेला पाण्याचा रांजण होता, तिथे भिंतीला टेकून तो बसू लागला. तिथे गार वाटतं, म्हणे. गोजरबाई स्वयंपाक करी आणि तो रांजणाकडे पाहत असे. तिच्याकडे नाही. तिने नवं लुगडं नेसून पाहिलं, त्याच्या आवडीचं भरीत केलं. घास तोंडात धरून तो रांजणाच्या लाकडी झाकणीकडे बघे.

"तिकडं काय हाय?" तिने एकदा विचारलं.

"काही नाई."

"मंग पाहून काय राह्यले?"

तो हसला. तिला ते हसू ओळखीचं होतं. डोहात कंबरभर पाण्यात उभ्या माणसाचं हसू. पण आता ते तिच्या घरात, तिच्या चुलीपासून चार हातांवर होतं, आणि तरीही तिचं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा तिला भीतीच्या आधी मत्सर वाटला. पुढे तिला याचंच आश्चर्य वाटायचं, की भीती मागून आली.

एका सकाळी कडूबा दारात आला. ओट्यावरच्या इंद्रभानाने मानही वळवली नाही, म्हणून तो गोजरबाईशीच बोलला.

"भाऊ येत नाईत, वहिनीबाई?"

"सोडलं त्याइनं."

"बरं झालं." तो जायला निघाला, पुन्हा थांबला. "तसं बी तिकडं आता काही राह्यलं नाई. ती वर येत नाई. लई ध्यान ठेवलं म्या. मरन आलं असतं तं वर तरंगली असती. जित्ती असती तं श्वास घ्याले आली असती. मंग गेली कुठं?"

गोजरबाई दारातच उभी होती. तिच्या पाठीमागे, माजघरात, भुळुक असा आवाज झाला. इंद्रभान त्या वेळी ओट्यावर, तिच्या डोळ्यांसमोर बसलेला होता.

५

ती घागरीच्या घागरी पाणी काढू लागली. सांगायला कारण होतं, रांजण घासायचा आहे.

मनकर्णाबाई ओट्यावर सरकी काढत बसली होती. "एवढं चांगलं पानी मिरच्याइले टाकून राह्यली व? डोकं फिरलं का?"

"वास येऊन राह्यला, आत्याबाई."

वास येतच होता. शेवाळाचा, उंबराच्या कुजक्या पानांचा. निम्मं पाणी काढल्यावर ती बैलांना चारा टाकायला म्हणून मागे गेली आणि आली तेव्हा झाकणी बाजूला होती. इंद्रभान रांजणाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसला होता. खांद्यापर्यंत हात आत. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं सुख, की गोजरबाईला तिथून निघून जावंसं वाटलं, जसं दुसऱ्याच्या घरात चुकून खोलीचं दार लोटावं आणि लाजून मागे फिरावं. पण घर तर तिचंच होतं.

ती पुढे झाली. त्याच्या कमरेला धरून तिने त्याला मागे ओढलं. तो सहज आला. त्याच्या हातावरून पाणी निथळत होतं आणि मनगटाभोवती पाच बोटांचे पांढरे वळ होते.

"कोन हाय त्यात?" ती ओरडली.

"तूच तं आनली," इंद्रभान शांतपणे म्हणाला. "सारं घर देल्लं म्हने तिले."

उरलेलं पाणी तिने लोट्याने उपसलं. तळाशी काही नव्हतं. काही नव्हतं म्हणजे, डोहात असतो तसला काळा मऊ गाळ होता, आणि गाळात एक हिरवी बांगडी. अख्खी. तिने ती दाराच्या उजेडात धरली. काचेत हवेचा बारीक फुगा होता.

मनकर्णाबाई गुडघे धरत आत आली. सुनेच्या हातातली बांगडी पाहिली, लेकाचं मनगट पाहिलं. मग तिने एवढंच विचारलं,

"डोहाची ओटी भरली होती तू. दाने वापस घेतले होते?"

गोजरबाईने मान हलवली. नाही.

"काऊन?"

"मले तिचं काही नको होतं, आत्याबाई."

म्हातारी तिच्या शेजारी टेकली. "पोरी, ते दाने तिचे नसतात व. ते आपलेच असतात. जाय. दिवस हाय तवर जाय, आन मागून घे. भांडू नको. बहिनीले मागते तसं माग."

६

दिवस होता तोवर ती निघाली, पण नदीला उतरेपर्यंत दिवेलागण झाली. गावात गुरं परतत होती, धुरळ्यात घंटा वाजत होत्या. डोहावर मात्र उजेड आधीच विझला होता. पाणी आणि खडक एकाच रंगाचे.

ती काठाशी बसली. रांजणातली बांगडी तिने पाण्यात सोडली. मग पदर पसरला.

"बाई," ती म्हणाली. जिभेवर सवत हा शब्द होता, तो तिने गिळला. "बहिनी. म्या तुही ओटी भरली. माह्ये दाने मले दे."

काही झालं नाही. चिलटं कानाशी गुणगुणत होती. तिला आपली लाज वाटली. भरल्या घरची बाई, संध्याकाळच्या वेळी पाण्यापुढे पदर पसरून बसलेली. नवरा आजारी आहे, वैद्य आणावा, खामगावला दवाखाना आहे म्हणतात. बांगडी घागरीतून रांजणात आली असेल. कधीमधी नदीचंही पाणी भरतोच की आपण. असा सगळा हिशेब तिने मनात नीट लावला, आणि तरीही हात पुढे करून ओंजळ पाण्यात धरली.

पाणी कोमट होतं.

तिच्या अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, पाणी फुगलं. भुळुक. कुणीतरी घोट घेतला. मग तिच्या ओंजळीखाली दुसरी ओंजळ आली. तिने डोळे गच्च मिटले होते, पण मिटायच्या आधी जे दिसलं ते दिसलंच. पाण्याखाली हिरव्या बांगड्यांची कड, आणि त्यांच्या वर कोपरापर्यंत गेलेले काळपट पट्टे.

ओंजळीत काहीतरी ओतलं गेलं.

तिने ते पदरात घेतलं, गाठ मारली आणि पळत सुटली.

घरी आली तर अंगणात इंद्रभान पायांवर पाणी घेत होता. "कुठं गेलती एवढ्या उशिरा? लई भूक लागली." त्याच्या आवाजात खरखर होती, कपाळावर घाम होता. गोजरबाईने सासूदेखत त्याच्या छातीवर हात ठेवला. छाती वरखाली होत होती. गरम होती. तो गोंधळून आईकडे पाहत म्हणाला, "हिले काय झालं व?"

गोजरबाई रडत हसत चुलीपाशी गेली. परत घेतलेले दाणे वाया जाऊ द्यायचे नसतात. बाईने स्वतः शिजवून स्वतःच खायचे असतात. तिने पदराची गाठ सोडली, चुलीच्या धुरकट उजेडात ते ओले दाणे तसेच मूठभर भरडलेल्या गव्हात मिसळले, गूळ घातला, खीर केली. देवाला दाखवली. आणि भांड्याला बोट लावून पुसेपर्यंत सगळी खाल्ली. गोड लागली.

सकाळी ती धुणं घेऊन बसली. पदराच्या टोकाला, गाठीच्या सुरकुत्यांत, थोडे दाणे चिकटून राहिले होते. तिने ते उन्हात धरले. दोन गव्हाचे होते. बाकीचे गव्हाचे नव्हते. राजगिऱ्यापेक्षा थोडे मोठे, पिवळसर, आरपार दिसणारे. तिने एक चिमटीत दाबला. तो मऊ होता.

पाण्यातल्या कुठल्यातरी वेलीचं बी असेल, असं तिने ठरवलं. आणि पदर खसखसून धुतला.

७

वर्ष पुरं व्हायच्या आत गोजरबाईला मुलगी झाली.

गावभर साखर वाटली. विहिरीवरच्या बाया आता मागे नाही, समोर येऊन बोलू लागल्या. "नवसाची हाय व, नवसाची." म्हणून नावही आसराच ठेवलं. गोरी, गुटगुटीत, रडणं असं नाहीच. मनकर्णाबाई म्हणाली, अशी गुणाची पोर पाह्यली नाही. फक्त आंघोळ घातली की तिला पाण्यातून काढणं जड जाई. आणि झोपेत तिचे डोळे पुरते मिटत नसत.

कित्येक लेकरांचे मिटत नाहीत. गोजरबाईच्या आजाचेही मिटत नव्हते.

इंद्रभान पुन्हा रानात जाऊ लागला होता. जेवताना बोले, हसे, सणाला तिला खण आणी. डोहाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. कडूबाने सांगितलं की ती मरळ काही परत दिसली नाही. तर इंद्रभान म्हणाला, "जाऊ दे बे," आणि बैलाच्या गळ्याची दोरी सैल करायला गेला. काठी आढ्यालाच होती. कोळ्यांनी तिच्यावर जाळी धरली होती. गोजरबाई रोज देवापुढे हात जोडून म्हणे, बाई, मला माझं दिलंस, उपकार झाले.

एका दुपारी ती शेजारून विरजण घेऊन आली. घरात शांत होतं. माजघरात पाळणा, पाळण्यात आसरा झोपलेली. पाळण्यापाशी इंद्रभान उकिडवा बसलेला.

ती दारातच थांबली. पाळण्याची दोरी त्याने हातात धरली नव्हती. दोन बोटांच्या चिमटीत धरली होती, हळुवार. तो झोका देत नव्हता. दोरी ताणलीही नव्हती. नुसती धरून तो पोरीच्या तोंडाकडे बघत होता. त्याने श्वास रोखला होता. गळ्याची शीर उडत होती.

गोजरबाईने पोरीकडे पाहिलं. दुपट्याखाली छाती हलत नव्हती. अर्धवट उघड्या पापण्यांतून डोळा चकाकत होता. वाटी हातात घेऊन गोजरबाई उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की आपणही श्वास धरला आहे.

मग ते इवलंसं तोंड उघडलं.

भुळुक.

इंद्रभान हसला. अगदी तसंच. "पाह्यलं," तो स्वतःशीच पुटपुटला, "माह्याकडं पाह्यलं." आणि पुन्हा वाट पाहू लागला. बायको दारात उभी आहे हे त्याला कळलंच नाही, की कळूनही त्याने मान वळवली नाही, हे गोजरबाईने कुणालाच विचारलं नाही. पोटच्या लेकीचा मत्सर वाटतो म्हणून तिने त्या दिवशी प्रायश्चित्ताचा उपास धरला.

तो उपास तिने पुढेही सोडला नाही. लेक मोठी होईल, आपल्यासारखी सलग श्वास घेऊ लागेल, या भाबड्या आशेवर ती तो धरते. डोहाशी तिने वैर ठेवलं नाही. दर मंगळवारी पोरीला कडेवर घेऊन उंबरापर्यंत जाते, हळदकुंकू वाहते आणि पाण्याला पोरीचं तोंड दाखवते. लांबून दाखवते. तेवढ्या वेळात कडेवरचं लेकरू तिच्या गळ्याभोवतीचे हात सैल करतं, आणि ती ते हात पुन्हा आवळून घेते.

आणि कुणाचीही ओटी भरायची असली, नव्या सुनेची असो, लेकुरवाळीची असो, देवीची असो, तर गोजरबाई चार दाणे परत घ्यायला विसरत नाही. पण ती ते लगेच पदरात घालत नाही. तळहातावर घेऊन अंगणात उन्हात येते. बोटाने एकेक दाणा बाजूला सारते, उलटापालटा करते, चिमटीत दाबून बघते. बाया हसतात. हसू देत.

बायांनो, तुम्हीही तसंच करा. ओटी हसतमुखाने भरा, मनात डूख ठेवून भरू नका. दाणे परत घ्या. पण पदराला गाठ मारण्याआधी उजेडात या, आणि आपलेच आहेत ना, तेवढं नीट निरखून घ्या.